लाइन बसली

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांना घरातली पोरंबाळं पाठीमागे 'थांबाजरा' म्हणतात. तोंडावर काका, मामा, आजोबा, ज्याचं जे नातं असेल ते. पण त्यांची पाठ वळली की थांबाजरा. त्यांनाही ते ठाऊक आहे. रागावत नाहीत. एकदा मलाच विचारलं, "वहिनी, माझ्या थांबा म्हणण्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

मी म्हटलं, "वाईट नाही हो झालं. उशीर झाला."

ही सवय नोकरीनं लावलेली. साबणाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. पट्ट्यावरून वड्या सरकत यायच्या. एखाद्या वडीवरचा छाप वाकडा दिसला की भाऊजींनी हात वर करून "थांबा जरा" म्हणायचं, की अख्खा पट्टा गप्प उभा. जन्मभर ज्याच्या एका शब्दावर कारखाना थांबला, तो माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? मिळेल त्याला थांबवणार. न्हाव्यानं एका बाजूचा कल्ला कापला की हे "थांबा जरा" म्हणून आरसा मागणार. म्हणून त्यांचे दोन्ही कल्ले कधी एका उंचीचे नसतात. आमच्या सगळ्या घराचा मिळून एकच फोटो आहे. त्यात सगळे नीट उभे आहेत, आणि पुढे एक धुरकट आकृती हात वर करून कॅमेऱ्याकडे चाललेली आहे. ते भाऊजी. कॅमेरा तिरका आहे असं त्यांना सांगायचं होतं.

मनानं मात्र लोणी. बायकोच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या, शब्दाबाहेर नाहीत. धाकटी बोलते कमी, पण बोलली की तुकडा पाडते. त्यांचं कसं जमलं हे कोडं नाही. ते थांबवतात, ती थांबत नाही. संसार चालू राहिला.

तर धाकटीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ठीक झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वॉकर धरून चालायचं आणि उंच कमोड वापरायचा. भाऊजींनी आधीच घरात तसा उंच कमोड बसवून घेतला होता, हाताला धरायला भिंतीत दांडीसुद्धा. दांडी इतक्या वेळा वरखाली करून घेतली की भिंतीला भोकांची रांग पडली. पण झाली ती झकास झाली.

आणि धाकटी दवाखान्यातून घरी येणार, तेवढ्यात संडासाची लाइन तुंबली. कमोडात पाणी ओतलं की वर यायला लागलं. न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी डोकवायला लागलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत, पण माझ्याकडचा संडास जुना, जमिनीलगतचा, उकिडवं बसायचा. तिला तो चालायचा नाही. मग लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली. "लाइन झाली की आणते," म्हणाली.

लेकीच्या घरी काही वाईट नव्हतं. पण घर लहान, संडास एक, आणि लेकीची सासूही तिथेच. धाकटीनं मला फोन केला, तेव्हा आवाज दबका. "ताई, सगळं करतात गं माझं. पण मला जायचं म्हटलं की एकानं वॉकर आणायचा, एकानं दिवा लावायचा, एकानं दाराशी उभं राहायचं. सगळं घर उठतं. मला मेलीला लाज वाटते. यांना सांग, लवकर करून घ्या. आणि एक सांग, माणसाला काम करू द्या."

मी निरोप दिला. भाऊजी म्हणाले, "मी कुणाला काम करू देत नाही?"

मी मनात म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला!

पहिला आला तो स्प्रिंगवाला. लांबलचक लोखंडी स्प्रिंग लाइनीत घालून गरागरा फिरवायची आणि आतला बोळा फोडायचा, हे त्याचं काम. बोलायला भारी. "काका, अशा लाइनी मी चहा पिता पिता मोकळ्या करतो." त्यानं स्प्रिंग आत घातली आणि फिरवायला लागला. भाऊजी शेजारी वाकून उभे.

"थांबा जरा. उजवीकडे का फिरवताय?"

"उजवीकडेच फिरवतात, काका."

"पण मळसूत्र उलटं असलं तर?"

"नाही उलटं."

"थांबा जरा, एकदा डावीकडे बघू की."

बिचाऱ्यानं म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवला. डावीकडे फिरवली. स्प्रिंगच्या टोकाचा लोखंडी आकडा सुटून आतच राहिला. मग त्याला भारी बोलणं काही सुचेना. उरलेली स्प्रिंग गुंडाळत म्हणाला, "काका, पुढच्या वेळी तुम्ही फिरवा, मी बघत उभा राहतो." आणि गेला. चहा न पिताच गेला.

दुसरा कॅमेरेवाला. तारेच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, तो नळात सोडायचा आणि आतलं सगळं एका लहानशा टीव्हीवर दिसायचं. ही बातमी लागलीच फुटली. मागच्या गल्लीतली निम्मी माणसं अंगणात जमली. कुणी स्टूल आणलं. आपल्या घरात एवढ्या लोकांना बघण्यासारखं काही असेल असं भाऊजींना वाटलं नव्हतं, ते अगदी यजमान होऊन सगळ्यांना पुढे बसवत होते. टीव्हीवर काळोखी गुहा, मधे गढूळ पाणी, आणि पुढे जटाच जटा. झाडाची मुळं आत शिरली होती, आणि जुन्या मातीच्या नळाला तडे गेले होते.

"ते बघा मूळ," कॅमेरेवाला म्हणाला.

"थांबा जरा. मागे घ्या. ते चकाकलं काय?"

"ती तुमच्या स्प्रिंगवाल्याची निशाणी आहे."

"पुन्हा एकदा पुढे घ्या. आता मागे. थांबा जरा."

एवढं मागेपुढे झालं की कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि खेळ मधेच बंद. बायका हळहळल्या. कॅमेरेवाला म्हणाला, अंगणातली सगळी लाइन खणून नवी टाकावी लागेल. भाऊजी म्हणाले, मग खणा. तो म्हणाला, "आम्ही खणत नाही. आम्ही फक्त दाखवतो." असले धंदे आता निघालेत. दुखणं दाखवणारा वेगळा, औषध देणारा वेगळा.

तिसरा आला तो दाढीवाला प्लंबर. अंगानं आडवा, आणि बोलायला लागला तर तोंडातून नुसता वारा. आदल्या दिवशी सामना बघायला गेला होता, तिथे ओरडून ओरडून आवाज बसलेला. हातवारे आणि फुसफुस यांवर काम चाललं होतं. पण माणूस तयार. भाऊजींची कीर्ती तो यायच्या आधीच त्याच्यापर्यंत पोचली होती. स्प्रिंगवाला त्याचा साडूच निघाला.

तो भाऊजींना म्हणाला, म्हणजे फुसफुसला, "काका, माझी एक अट. काम होईपर्यंत तुम्ही अंगणात यायचं नाही."

"घर माझं आहे!"

"घर तुमचं. खड्डा माझा."

"आणि मला कळणार कसं काय चाललंय?"

"फोन करीन."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धाकटी काय म्हणाली होती?"

मग काय करतात! दोन गडी कुदळी घेऊन मागच्या अंगणात उतरले, आणि भाऊजी चपला घालून माझ्या ओसरीवर येऊन बसले. ते दिवस मी विसरायची नाही. सकाळी वर्तमानपत्र काखेत मारून माझ्याकडेच प्रातर्विधीला यायचे, कारण त्यांच्याकडे तर खणलेलं. आत गेले की अग्रलेख वाचल्याशिवाय बाहेर नाहीत. मग ओसरीवर खुर्ची. भिंतीपलीकडे कुदळीचा ठण्ण आवाज झाला की हे अर्धे उठायचे आणि माझ्याकडे बघून परत टेकायचे. मी शेंगा सोलायला दिल्या. चार सोलल्या आणि मला म्हणाले, "थांबा जरा वहिनी, तुम्ही उलट्या टोकाकडून सोलताय."

मी म्हटलं, "भाऊजी, मी तुमच्या लग्नाच्या आधीपासून शेंगा सोलतेय."

पण खरंच सांगते, त्यांनी वचन पाळलं. एकदाही भिंतीपलीकडे डोकावले नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं, आणि तिथेच घात झाला.

एके दुपारी फोन वाजला. भाऊजींनी झडप घातली. पलीकडून दाढीवाल्याचा वारा. मला इकडे काही ऐकू आलं नाही, पण भाऊजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"काय म्हणालात? बसली? सगळी? भिंतीपासून फाटकापर्यंत? वा वा वा! शाबास!"

फोन ठेवला आणि खुर्चीवरून उडीच मारली. "वहिनी, लाइन बसली!"

मीही हात जोडले. म्हटलं, सुटलो. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "आईला घेऊन ये. आत्ता. लाइन बसली." तिकडे लेकीनं विचारलंही म्हणे, बाबा, नक्की ना? तर हे म्हणाले, "प्लंबरनं स्वतः सांगितलंय. मी मधे बोललोसुद्धा नाही."

जन्मभर ज्यानं हजामापासून फोटोवाल्यापर्यंत सगळ्यांना थांबवलं, त्यानं या एका वेळी "थांबा जरा, बसली म्हणजे काय?" एवढं विचारायला हवं होतं. नेमकं तेव्हाच विचारलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं? मी चहाचं आधण ठेवत होते.

ते पुढच्या दारानं घरात गेले, पलंगावर धुतलेली चादर घातली, उशा थापटल्या. अंगणाकडचं दार मात्र उघडलं नाही. वचन ते वचन.

लेकीची गाडी दारात आली. धाकटी उतरली, वॉकर टेकत, एक पाऊल मग दुसरं. तोंड उतरलेलं होतं, पण उंबऱ्यात आल्यावर घराचा वास घेऊन डोळे मिटले तिनं. भाऊजी पुढे, ती मधे, लेक आणि मी मागे, अशी आमची वरात स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेली. संडास तिकडेच, दारालगत.

"बघ आता," असं म्हणून भाऊजींनी दार उघडलं.

समोर अंगण नव्हतंच. विहीर होती. भिंतीपासून फाटकापर्यंत जमीन खचून खाली गेलेली, आणि त्या चरात दाढीवाला गळ्यापर्यंत उभा. आमचा उंच कमोड उखडून बाहेर काढलेला, तो मातीच्या ढिगावर ऐटीत बसवलेला, जसा काही कुणी सभेचा अध्यक्ष. एक गडी त्यावर टेकून पाणी पीत होता. आम्हाला बघून तो गडबडीनं उठला.

मग भाऊजी म्हणाले, "अहो, हे काय?"

दाढीवाला फुसफुसला, "काका, सांगितलं ना फोनवर. लाइन बसली."

"बसली म्हणालात म्हणून तर हिला आणलं!"

"बसली म्हणजे खचली! जुना नळ होता तो. एका बाजूनं हात लावला तर सगळाच मातीसकट खाली बसला."

"मग खचली म्हणायचं ना!"

"खचली म्हणायला आवाज कुठे आहे, काका? बसली हे सोपं जातं. आणि तुम्ही तर शाबास म्हणालात. मला वाटलं, माणूस फार मोठ्या मनाचा आहे."

आता यात चूक कुणाची म्हणायची? आपल्या भाषेतच हा शब्द असा बेभरवशाचा. झंपर अंगाला बसला की चांगला, आणि भिंत बसली की वाईट. गणित बसलं तर पोरगा पास, धंदा बसला तर बाप रस्त्यावर. नळ बसवला म्हटलं असतं तर प्रश्न नव्हता. बसवणारा माणूस असतो. बसतं ते आपलं आपण.

मला हसू यायला लागलं होतं, पण मी धाकटीकडे पाहिलं आणि ते जिरलं. ती वॉकरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून त्या खड्ड्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, परत जायचं. परत तो दिवा, परत ते दाराशी उभं राहणारं माणूस.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. पण स्वभाव कुठे जातो! खड्ड्याच्या काठाशी वाकले आणि म्हणाले, "थांबा जरा. हा नवा नळ तुम्ही या बाजूनं का घेताय? याला ढाळ—"

दाढीवाल्यानं हातातली कुदळ खाली ठेवली.

धाकटी म्हणाली, "अहो."

ते थांबले.

"चला, गाडीत बसा."

"कोण? मी?"

"तुम्हीच. माझ्याबरोबर चला लेकीकडे. तुम्ही भिंतीच्या अलीकडे असलात काय आणि पलीकडे असलात काय, हा माणूस काम पुरं करायचा नाही. ताई बघेल इथलं."

"अगं, पण ढाळ कोण—"

"बसा."

या बसण्याचा अर्थ मात्र सगळ्यांना एकदम कळला. भाऊजी गाडीत जाऊन बसले. दाढीवाल्यानं खड्ड्यातून धाकटीला असा नमस्कार केला की मातीचं ढेकूळ त्याच्या डोक्यावर पडलं, तरी त्यानं हात सोडले नाहीत.

मग मी राखणीला राहिले. मला ढाळातलं, म्हणजे नळाच्या उतारातलं, ओ की ठो कळत नाही. मी आपली खुर्ची टाकून बसायची आणि चहा द्यायची. चहा गार होऊन साय धरली की समजायचं, काम चाललंय. अंगणात पहिल्यांदाच असं झालं की माणसं सकाळी जे धरायची ते संध्याकाळी पुरं करायची. दाढीवाल्याचा आवाजही हळूहळू परत आला. चांगला खणखणीत निघाला, गातसुद्धा होता. मग मला वाटलं, बसलेलाच बरा होता.

भाऊजींचा फोन पहिल्या दिवशी सारखा. "वहिनी, सांधे कोरडे करून जोडताहेत ना? वहिनी, खाली वाळू घातली का?" मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. नंतर एकदा फोन आला तर नळाचं काही विचारलंच नाही. मी म्हटलं, "काय हो, बरं आहे ना?"

म्हणाले, "वहिनी, ही इथे पाणीच पीत नाही."

"म्हणजे?"

"दिवसभरात घोट दोन घोट. मी आज बघितलं. प्यायली तर उठावं लागेल, उठली तर सगळ्यांना उठवावं लागेल, म्हणून पीतच नाही. ओठ बघा तिचे. आणि मी तिकडे मळसूत्र उजवं का डावं करत बसलो होतो."

मी म्हटलं, "भाऊजी, आता तुम्ही आहात ना तिथे. तुम्ही उठवा, तुम्ही धरा. बाकीचे झोपू देत."

"तेच करतोय," म्हणाले. त्यानंतर त्यांचा नळासाठी फोन आला नाही. लेक सांगते, बाबा आईच्या पलंगाशीच खुर्ची टाकून असायचे. तिनं नुसती कूस बदलली तरी यांचा हात वॉकरवर. तिला दाराशी सोडायचे आणि तिथून लांब, पार गॅलरीत जाऊन उभे राहायचे, म्हणजे तिला अवघड वाटू नये.

इकडे काम झालं. चर बुजला, वरून फरशी बसली. बसवली, नीट बसवली. कमोडही ढिगावरून उतरून आपल्या जागी गेला. दाढीवाल्यानं मला बोलावून पाण्याच्या बादल्या ओतून दाखवल्या. मागच्या फाटकाशी चेंबरचं झाकण उघडलं की पाणी सळसळत जाताना दिसायचं. मी लेकीला फोन केला, पण शहाणी होऊन. म्हटलं, "लाइन बसली असं मी म्हणत नाही. पाणी जातंय. मी डोळ्यांनी बघितलंय. घेऊन या."

आली धाकटी. या वेळी भाऊजी पुढे नव्हते, तिच्या कोपराशी होते. मागच्या दाराशी आल्यावर त्यांनी गुळगुळीत फरशी पाहिली. खालचा नळ काही दिसत नव्हता, सगळं झाकलेलं. त्यांची बोटं वळवळली. मला वाटलं, आता फरशी उचला म्हणतात. पण दाढीवाल्याकडे वळून म्हणाले, "छान केलंत," आणि तोंड मिटलं. दाढीवाला घाबरला. त्याला वाटलं, काकांना बरं नाही.

धाकटी संडासात गेली. दार लावलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. लेक उगाच डबे पुसत होती. भाऊजींना राहवेना, ते चपला न घालताच फाटकाकडे गेले आणि चेंबरचं झाकण उचलून आत बघत उभे राहिले. मी खिडकीतून बघतेय. बराच वेळ झाला. मग आतून साखळी ओढल्याचा आवाज, पाण्याचा लोंढा, नळातून घळघळ घळघळ, आणि शांत.

आणि फाटकाशी भाऊजी ओरडले, "आलं! अगं, आलं गं! आलं!"

आतून धाकटीचा आवाज, "अहो, गल्लीभर काय सांगताय! लाजच नाही मेली!"

पण सांगून झालं होतं. मागच्या गल्लीतली एक खिडकी उघडली. तिथल्या बाईला कॅमेऱ्याच्या खेळापासून आमच्या अंगणात फार रस. तिनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण आलं हो काका?"

भाऊजी एका हातात चेंबरचं झाकण धरून उभे. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. आता काय सांगतात म्हणून आम्ही श्वास रोखला.

"बायको आली माझी," ते म्हणाले. "घरी आली."

संडासाच्या दाराआड धाकटीला हसू फुटलं ते थांबेना. मी बाहेरून ओरडले, "अगं, हस बाई, पण ती दांडी घट्ट धरून हस!"